गाडीची वही

देऊळगाव राजाचे नाव बाहेरगावी निघाले म्हणजे लोकांना बालाजी महाराजांची यात्रा आठवते, आणि शेजारच्या सिंदखेड राजामुळे जिजाऊंचे स्मरण होते. ते योग्यच आहे. परंतु या गावाचे आणखी एक रूप आहे आणि ते रात्री दिसते. आपण सारे निजल्यावर जालन्याहून चिखलीकडे आणि चिखलीहून जालन्याकडे ट्रक धावत असतात. कोणात जालन्याच्या कारखान्यांतल्या सळया, कोणात सोयाबीन, कोणात कापसाच्या गाठी, तर कोणात सिमेंट. आपले घर ज्या सळईवर उभे आहे ती याच रस्त्याने आली आणि आपले पीक याच रस्त्याने बाजाराला गेले. तरीही या गाड्यांची निगा कोण राखतो, कशी राखतो आणि तिची नोंद कोठे असते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांच्या पंगतीला ट्रकच्या सर्व्हिसिंगची वही आणून बसवावी हे कोणाला चमत्कारिक वाटेल. तथापि ड्रायव्हर-क्लीनरांच्या संघटनेचे काम करताना आमची अशी खात्री झाली आहे की, या साध्या वहीवर माणसांचे प्राण, कुटुंबांची भाकरी आणि न्यायालयातला निकाल या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम गाडीकडे पाहू. ट्रक बंद पडतो तो एका दिवसात बिघडत नाही. तो हळूहळू झिजत आलेला असतो. तेल काळे पडते, हवेचा फिल्टर धुळीने कोंदतो, पाट्यांचा सेंटर बोल्ट सैल होतो, किंगपिनला ग्रीस मिळाले नाही की ती खाल्ली जाते. यांतली बहुतेक झीज डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते. परंतु एक झीज अशी आहे की ती पायालाही कळत नाही, आणि तीच सर्वांत घातक आहे. ती म्हणजे ब्रेकची.

जड ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा दाबून भरतो. ड्रायव्हरने पायाने पॅडल दाबले की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, तेथला दांडा पुढे सरकतो, स्लॅक अ‍ॅडजस्टर फिरतो आणि लायनर ड्रमवर घट्ट बसतात. आता लायनर झिजले म्हणजे ते आणि ड्रम यांतले अंतर वाढते. दांड्याला तितके अधिक सरकावे लागते; आणि दांडा किती सरकू शकतो याला तर मर्यादा आहे. सपाट रस्त्यावर गाडी थांबत राहते. पायाखाली जाणवते ती हवा, लायनर नव्हे. म्हणून ड्रायव्हरला सारे ठीक वाटते. मग तीच गाडी माल भरून बुलढाण्याहून मलकापूरकडे निघते आणि राजूर घाट उतरू लागते. ब्रेक वारंवार दाबल्याने ड्रम तापतो. तापलेले लोखंड फुगते, म्हणजे ड्रम लायनरपासून आणखी दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. दांड्याची उरलीसुरली चाल संपते. त्या क्षणी पॅडल पायाखाली असते, टाकीत हवा असते, आणि ब्रेक मात्र लागत नाही.

नव्या गाड्यांत अंतर आपोआप राखणारे अ‍ॅडजस्टर असतात हे खरे. परंतु तेही अडकतात, आणि अडकले आहेत हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून चाकाखाली वाकून दांड्याची चाल मोजावी लागते. आजचे एकटे माप पुरेसे नसते. मागच्या महिन्यात ते किती होते हे ठाऊक असेल तरच झिजेचा वेग कळतो. मागच्या महिन्याचे माप कोणाच्या डोक्यात राहत नाही. ते कागदावरच राहते. वहीची गरज येथून सुरू होते.

चांगल्या ठिकाणी अशा तीन वह्या असतात. पहिली ड्रायव्हरची. गाडी काढण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारायची: टायर, चाकांच्या नट, दिवे, तेलपाणी, हवेचा काटा. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून साचलेले पाणी सोडायचे, कारण हवा दाबली म्हणजे तिच्यातला ओलावा पाणी होऊन खाली बसतो आणि व्हॉल्व्ह खराब करतो. चाक बदलले असेल तर थोडे अंतर चालल्यावर नट पुन्हा आवळायच्या. जे आढळले ते लिहायचे. दुसरी गॅरेजची. तीत कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणता भाग काढला, कोणता घातला आणि कोणत्या मिस्त्रीने, हे असते. तिसरी गाडीची जन्मपत्रिका म्हणावी अशी. तीत पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहास एकापाठोपाठ एक मांडलेला असतो.

या तिसऱ्या वहीचे मोल वाचणाऱ्याला कळते. दर तीन दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी घातल्याची नोंद दिसली तर पाणी कोठे जाते हा प्रश्न पडतो, आणि हेड गॅस्केट फुटण्यापूर्वी सापडते. पुढच्या डाव्या टायरची एकच कड दोनदा खाल्ली गेली तर दोष टायरचा नाही, पुढल्या धुऱ्याचा आहे. एकाच चाकाचे ब्रेक पुन्हापुन्हा आवळले जात असतील तर आवळणारा हात चुकत नसून त्या चाकातच काही बिघडले आहे. एकेक नोंद क्षुल्लक असते; ओळीने वाचल्यावर गाडी स्वतः बोलू लागते. एस.टी.च्या आगारात लॉगशीटवर दोष लिहिण्याची शिस्त जुनी आहे. खासगी ट्रकांच्या धंद्यात ती फारशी आली नाही, याचे कारण मालकाचा दुष्टपणा हेच नव्हे. आपल्याकडचे पुष्कळ ट्रक एकदोन गाड्यांच्या मालकांचे आहेत. हप्ता डोक्यावर असतो, गाडी एक दिवस उभी राहिली तर एक दिवसाचे भाडे बुडते, आणि मालक पुष्कळदा स्वतःच ड्रायव्हर असतो. त्याला वही लिहिणे हे रिकामटेकड्याचे काम वाटते.

ते तसे नाही हे आम्हांला एका प्रसंगाने शिकवले. आमच्या संघटनेतला एक ड्रायव्हर सळया भरलेला ट्रक घेऊन उतारावरून येत होता. ब्रेक डावीकडे ओढतात असे त्याने तीन फेऱ्यांत तीन वेळा सांगितले होते. पण सांगितले ते तोंडी. "ही फेरी टाकून ये, मग बघू," असे त्याला उत्तर मिळाले होते. गाडी उभ्या टेंपोवर गेली आणि क्लीनरचा पाय गेला. पुढे चौकशीत गाडीच्या बाजूने एकच वाक्य आले, "आम्हांला कोणी कळवलेच नव्हते." गॅरेजच्या बिलावर "ब्रेक काम" एवढे दोन शब्द होते, तारीख होती, किलोमीटर नव्हते, कोणते चाक ते नव्हते. मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून अहवाल दिला. परंतु असा अहवाल अपघातानंतर गाडी कशी होती ते सांगतो. दोष कोणाला केव्हापासून माहीत होता हे सांगत नाही. ते सांगू शकणारी वही नव्हतीच. खटला ड्रायव्हरवर उभा राहिला. त्याच्या घरच्यांसमोर बसून आम्ही काय सांगणार होतो? तो खरे बोलत होता, आणि त्याच्या खरेपणाला कागद नव्हता.

या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे सदोष गाडी चालवणारा तर दोषी आहेच. परंतु दोष माहीत असता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशी स्थिती असता, जो ती चालवू देतो तोही दोषी आहे. "चालवू देतो" हे शब्द मालकासाठी आहेत. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या प्रकरणात असे सांगितले की, यंत्राच्या दोषामुळे अपघात झाला असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. सर्व वाजवी काळजी घेऊनही दोष लपून राहिला, असे त्याने दाखवले पाहिजे. काळजी घेतली हे दाखवायचे कशाने? अर्थात वहीने.

विलायतेत १९६९ साली हेच घडले. हेंडरसन यांच्या खटल्यात एक लॉरी उतारावर ब्रेक निकामी होऊन सुटली आणि एका माणसाचा जीव गेला. ब्रेकच्या तेलाची नळी गंजून फुटली होती, आणि ती जेथे गंजली ती जागा नळी काढल्याशिवाय दिसत नव्हती. मालक म्हणाले, दोष दिसण्यासारखा नव्हता. हाउस ऑफ लॉर्ड्सने विचारले की, गाडीने पूर्वी काय वाहिले, कशात वापरली गेली, तिच्यावर काय बेतले, हा इतिहास तुम्ही मांडला का? तो मांडला नव्हता, म्हणून मालक हरले. आज त्या देशात ट्रकचालक गाडी काढण्यापूर्वी फेरी मारून दोष लिहून देतो, आणि तपासणी व दुरुस्तीचे कागद किमान १५ महिने जपावे लागतात.

आपल्याकडे गाडीचे पासिंग होते. नव्या ट्रकला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. परंतु दाखला एका दिवसाची परीक्षा आहे. उरलेल्या ३६४ दिवसांची हमी तो देत नाही. त्यात २०१८ साली दोन धुऱ्यांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यात आली. वजन वाढले म्हणजे उतारावर ब्रेकचे काम वाढले, आणि नोंदीची गरजही वाढली.

इकडे शिक्षाही वाढली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) प्रमाणे ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघातानंतर न कळवता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या पुढच्या पोटकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि संहिता अमलात आली ती ते पोटकलम वगळून. तो लढा न्याय्य होता. परंतु पाच वर्षांचे कलम उभेच आहे. निष्काळजी कोण, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महाग झाला आहे, आणि त्याचे उत्तर घोषणेने मिळत नाही.

येथे आम्ही आपल्याच माणसांनाही दोन शब्द सुनावतो. आमचे ड्रायव्हर बंधू वही टाळतात. कोणी म्हणतो, "लिहिले तर नोकरी जाईल." ही भीती खोटी नाही, आणि ती घालवणे हे संघटनेचेच काम आहे. पण कोणी सात दिवसांच्या पानांवर आधीच "सर्व ठीक" लिहून सह्या करून ठेवतो. अशी वही नसलेल्या वहीपेक्षा वाईट. नसलेली वही निदान गप्प राहते. खोटी वही मात्र आपल्याच हस्ताक्षरात आपल्याविरुद्ध साक्ष देते. शिवाय थकलेला माणूस तपासणी काय करणार? २०२५ पर्यंत अमलात असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एकदोन गाड्यांचा ड्रायव्हर त्याच्या छत्राबाहेरच राहिला. म्हणून तासांची मागणी आणि वहीची मागणी आम्ही एकत्रच करतो.

आता नव्या गाड्यांत संगणक आला, तो सारे लिहितो, मग वही कशाला, असा प्रश्न येतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्या युरियाच्या पाण्याची पातळी सांगतात, धुराच्या फिल्टरची स्थिती सांगतात आणि बिघाडाचा दिवाही लावतात. ही मोठी सोय आहे. तथापि सैल नट, चिरलेला पाटा, टायरच्या आतल्या बाजूचा काप हे माणसाच्याच डोळ्याला दिसते. आणि गाडीचा संगणक जे टिपतो ते मालकाला व कंपनीला दिसते, ड्रायव्हरच्या हाती राहत नाही. साक्ष दोन्ही पक्षांच्या हाती असावी.

तेव्हा नोंद कशी करावी? तारीख लिहा, किलोमीटर लिहा. दोष आपल्या भाषेत लिहा: "मागचे उजवे चाक ब्रेक दाबल्यावर तापते." कोणाला दिले त्याची सही घ्या. दुरुस्ती झाली की काय केले, कोणता भाग घातला हे त्याच ओळीखाली लिहून घ्या. दुरुस्ती झाली नाही तर "झाली नाही" असेच लिहा. पूर्वी आम्ही कार्बन घालून एक प्रत ड्रायव्हरजवळ ठेवायला सांगत असू. आज खिशातल्या मोबाइलने पानाचा फोटो काढला की काम झाले. यात न कळण्यासारखे काही नाही. चौथी शिकलेल्या माणसालाही हे येते.

शेवटची विनंती ड्रायव्हरांना नाही, मालकांनाही नाही; ती आपणां श्रोत्यांना आहे. आपल्यात आडते आहेत, व्यापारी आहेत, बांधकामे करणारे आहेत. ट्रक ठरवताना आपण भाडे विचारता आणि माल केव्हा पोचेल हे विचारता. त्याबरोबर "गाडीची वही दाखवा" एवढे एक वाक्य म्हणावे. वही आहे त्याला चार रुपये अधिक द्यावे लागले तर द्यावेत. मुलांच्या सहलीची बस ठरवतानाही तेच विचारावे. कायदा गावात क्वचित येतो. गिऱ्हाईक रोज येते. गिऱ्हाईक विचारू लागले की मालक वही ठेवील, मालकाने ठेवली की ड्रायव्हर न भिता लिहील, आणि आज रात्री या गावातून जाणारी एखादी गाडी घाटात जाण्यापूर्वी गॅरेजात जाईल.