दोन्ही हात भिंतीला

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाचा ब्रेस्टस्ट्रोक लांबूनच ओळखू येतो. डोकं सतत पाण्याबाहेर, नजर काठाकडे, आणि पायांचं पाहिलं तर एक गुडघा बाहेर आणि दुसरा किंचित खाली गेलेला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरांना पाण्यात सोडायचे, तेव्हा पाय कसे मारायचे हे कोणी सांगत नसे. बुडायचं नाही, एवढंच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या विहिरीत मी अशीच शिकले. पुढे पुण्यात महिलांच्या सकाळच्या बॅचमध्ये त्याच पोहण्यावर माझं छान चाललं होतं. प्रौढांच्या मास्टर्स स्पर्धेचा फॉर्म भरला आणि पहिली अडचण आली ती या पायांचीच.

ब्रेस्टस्ट्रोकचा नियम कडक आहे. दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच पातळीत हलले पाहिजेत आणि मागे ढकलताना पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली पाहिजेत. एक पाय कात्रीसारखा चालला आणि पंचांनी पाहिलं, तर वेळ कितीही चांगली असो, शर्यत बाद. विहिरीवर हे पाहणारं कोणी नव्हतं. मोठेपणी शर्यतीची तयारी म्हणजे मुख्यतः हीच, असं मला आता वाटतं: अंगवळणी पडलेली एकेक गोष्ट शोधायची आणि मोडायची. दम वाढवणं त्यामानाने सोपं.

आमच्या बॅचच्या सरांनी मला आधी पाण्यात उतरूच दिलं नाही. काठावर पालथं झोपवलं, कमरेपासून खाली पाय पाण्यात, आणि म्हणाले, "ताई, घाई नको. टाचा वर घ्या, पावलं बाहेर, आता गोल ढकला." मोबाइलवर त्यांनी पायांचं स्लो मोशन शूटिंग दाखवलं. उजवं पाऊल वळत होतं. डावं सरळ राहून पाण्यातून नुसतं निसटत होतं. मला मात्र आतून दोन्ही अगदी सारखेच वाटत होते. शरीर आपल्याला इतकं ठामपणे चुकीचं सांगू शकतं, हे पाहून मी चक्रावले. मग मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरून किक, गुडघे फाकू नयेत म्हणून. किकबोर्ड घेऊन किक. पाठीवर झोपून किक, गुडघे पाण्याबाहेर न येऊ देता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली की त्या दिवसापुरतं बंद. त्या बाजूच्या स्नायुबंधावर या किकचा ताण येतो, आणि चाळिशी ओलांडलेला गुडघा लवकर भरून येत नाही. लहान मुलांच्या बॅचला शिकवताना सर इतके थांबत नाहीत. आम्हाला शिकवताना थांबतात, आणि ते फार बरं करतात.

पोहण्याच्या शर्यती मुलांच्या, असं आपल्याकडे धरूनच चालतात. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा नुकता सतरा वर्षांचा होत होता. पण पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकरही आपलेच. ते मुळात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. प्रौढांसाठी जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोत पहिल्यांदा झाली. जागतिक नियमावलीत पंचविशीपासून पाच-पाच वर्षांचे गट आहेत, आणि वय मोजतात ते स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. नव्या गटात पाऊल टाकणारा आपल्या गटात सगळ्यांत तरुण असतो. वाढदिवसाचा असा आनंद मला दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

किकनंतर सूर. विहिरीत आम्ही मुटके मारायचो, गुडघे पोटाशी घेऊन, पाणी जितकं उंच उडेल तितकं उत्तम. स्टार्टिंग ब्लॉकवरून त्याच्या नेमकं उलटं हवं असतं. पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर उंचीच्या त्या उतरत्या फळीवर पायाची बोटं कडेला घट्ट धरायची, हात एकावर एक, दंड कानांना चिकटलेले, हनुवटी आत. आणि खाली न पडता पुढे झेपावायचं. हनुवटी जरा उचलली की पोटावर सपकन फटका बसतो आणि गॉगल गळ्यात येतो. गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घालायचा हे मी तेव्हा शिकले. मास्टर्सच्या नियमात काठावरून किंवा पाण्यात राहूनही सुरुवात करायची मुभा आहे. ही मुभा मला फार मोलाची वाटते, कारण पाठीचं किंवा कानाचं दुखणं असलेली माणसं केवळ सुरापायी शर्यतीला मुकू नयेत. मी ब्लॉकच घेतला. सूर जमला की पाण्याखालचा पहिला लांब टप्पा फुकट मिळतो: एकदा हात मांड्यांपर्यंत ओढायचे, त्यात एक डॉल्फिन किक चालते, मग ब्रेस्टची किक आणि वर. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये इतका वेग पुढे पुन्हा कुठेच लागत नाही.

आमचा टँक २५ मीटरचा, स्पर्धेचा ५० मीटरचा. छोट्या टँकमध्ये दर २५ मीटरला भिंत भेटते, ढकलून निघता येतं, दोन्ही पायांना क्षणभर आधार मिळतो. मोठ्या टँकमध्ये तो मधला आधार गेला. म्हणून रविवारी आम्ही दुसऱ्या तलावावर, मोठ्या लेनमध्ये सराव करायला जायचो. तिथे स्ट्रोक मोजायचे. शंभर मीटरमध्ये पहिल्या पन्नासला जेवढे स्ट्रोक, दुसऱ्या पन्नासला त्याहून फार वाढले तर सुरुवात अंगावर आली असं समजायचं. आणि प्रत्येक भिंतीला दोन्ही हात एकदम, हाही ब्रेस्टस्ट्रोकचा नियमच. थकल्यावर एक हात आधी टेकतो, आपल्या नकळत. त्यामुळे सरावात, अगदी गप्पा मारत पोहतानासुद्धा, एका हाताने भिंत धरायची नाही असा सरांचा दंडक होता.

शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आलं. छोटे, जोरकस तुकडे तेवढे राहिले. बाकी झोप. घरचं आवरून रात्री वेळेवर झोपणं हा आमच्या बॅचमधल्या बायकांसाठी तयारीचा सगळ्यांत अवघड भाग होता, आणि घरच्यांनी तो मनावर घेतला तेव्हाच तो जमला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी इडली आणि केळं. वॉर्मअपला एकेका लेनमध्ये गर्दी, म्हणून आधी दोन सूर मारून घेतले. मग लांबलचक थांबणं. या थांबण्यात अंग गार पडतं. टॉवेल गुंडाळून, वर जॅकेट घालून खांदे फिरवत राहायचं. आमची हीट पुकारली. छोट्या शिट्ट्या झाल्या, म्हणजे कपडे उतरवून तयार व्हा. मग एक लांब शिट्टी, म्हणजे ब्लॉकवर चढा. त्यानंतर इतकी शांतता की शेजारच्या लेनमधल्या बाईंचा श्वास ऐकू येत होता. त्या साठीच्या पुढच्या गटातल्या होत्या. त्या पाण्यातूनच सुटणार होत्या आणि भिंतीला धरून वर माझ्याकडे बघून हसल्या.

१०० मीटर संपले. दोन्ही हात एकदम भिंतीला लागले. निकालाच्या कागदावर नावापुढे वेळ लागलेली पाहीपर्यंत धाकधूक होती, कारण बाद झालेल्यांच्या पुढे वेळ नसते. गटात मी मधोमध होते. सरांनी स्टॉपवॉचवरून दोन्ही पन्नासांच्या वेळा वहीत उतरवल्या, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पाय स्वच्छ होते. पहिली पन्नास फार जपून गेलात. उद्या नुसती पन्नासच आहे, उद्या राखून ठेवायचं काही कारण नाही."