चांद्याचे बंदर कोणते?

क्रूझ, म्हणजे कुठे तरी पोहोचण्यापेक्षा जहाजावरच्या मुक्कामासाठीच केलेली समुद्रसफर, हा विषय मराठीत निघाला की प्रस्थानाचे बंदर मुंबई हे बहुधा गृहीतच धरले जाते. ठाणे, पुणे, नाशिक येथील प्रवाशांच्या बाबतीत त्यात काही चुकत नाही. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर, अहेरी किंवा सिरोंचा येथून निघणाऱ्या कुटुंबाचा खर्च, दगदग आणि वेळापत्रक चुकण्याचा धोका यांचा बराचसा भाग जहाजाच्या शिडीवर पाय ठेवण्यापूर्वीच ठरून जात असल्याने, त्यांच्यासाठी कोणते जहाज घ्यावे या प्रश्नाच्या आधी ते कोणत्या बंदरातून पकडावे हा प्रश्न येतो. या भागाचा कारभार मुंबईतून चालतो, म्हणून त्याचे बंदरही मुंबईच, ही समजूत नकाशापुढे टिकत नाही.

बल्लारपूरच्या बल्लारशाह जंक्शनपासून रेल्वेमार्गाने मुंबई सुमारे ८९० किलोमीटरवर आहे, चेन्नई सुमारे ८८० आणि विशाखापट्टणम सुमारे ८०० किलोमीटरवर. मध्य भारतात इतक्या आत असूनही दोन्ही किनाऱ्यांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर असण्याची ही स्थिती विरळाच म्हणावी लागेल, आणि त्यात बल्लारशाह हे दिल्ली-चेन्नई मुख्य रेल्वेमार्गावरचे स्थानक असल्याने पूर्वेकडची गाडी दारातून जाते, तर मुंबईसाठी अनेकदा वर्धा, सेवाग्राम किंवा नागपूर येथे गाडी बदलावी लागते. तामिळनाडू एक्स्प्रेससारखी गाडी बल्लारशाहहून चौदा-पंधरा तासांत चेन्नई सेंट्रलला पोहोचवते आणि तेथून बंदर अगदी जवळ आहे. गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज (वडसा) हे एकच रेल्वे स्थानक असल्याने सिरोंचाकडील माणसाला तेलंगणातले मंचिर्याल सोयीचे पडते, आणि तेथे पोहोचलेला प्रवासी पुन्हा उलटा मुंबईकडे वळावा, यात फारसा अर्थ नाही.

पूर्वेकडच्या या ओढीला इतिहासाचाही आधार आहे. आल्लापल्ली-सिरोंचा भागातले सागवान प्राणहिता आणि गोदावरीच्या प्रवाहात सोडून खाली राजमहेंद्रीकडे नेले जाई, आणि गोदावरीच्या मुखाजवळचे कोरिंगा हे त्या काळी जहाजबांधणीचे ठिकाण होते. १७८९ आणि १८३९ च्या चक्रीवादळांनी ते उद्ध्वस्त झाले आणि पुढे त्याची जागा काकिनाड्याने घेतली. १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा घालणारे अभियंते आर्थर कॉटन यांनी याच नदीमार्गाने बंगालच्या उपसागरापासून थेट वऱ्हाड-मध्य प्रांताच्या कापूसपट्ट्यापर्यंत आगबोटी नेण्याची कल्पना मांडली. त्या मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाजवळचे इच्छमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. त्यांना वळसा घालण्यासाठी कालवे आणि जलपाश, म्हणजे दारे बंद करून पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे हौद, बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. १८६० मध्ये निजामाकडून सिरोंचाचा मुलूख इंग्रजांकडे आला, तेथे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे बसले, आणि १८६२ पासून मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असलेले रिचर्ड टेंपल या योजनेचे जोरदार पाठीराखे ठरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) हिंगणघाटच्या कापसाला आलेला भाव पाहता ही घाई समजण्याजोगी होती.

योजना फसली ती केवळ खडकांमुळे नव्हे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, कापसाच्या गाठी बारा महिने मुंबईला जाऊ लागल्या, आणि वर्षातून काही महिनेच पुरेसे पाणी असणाऱ्या नदीवर पैसा ओतत राहण्याचे कारण उरले नाही. १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले आणि १८७४ मध्ये सिरोंचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडले गेले. चांद्याचे तोंड मुंबईकडे वळले ते तेव्हा, म्हणजे अवघ्या दीडशे वर्षांपूर्वी, आणि तेही मालाच्या भाड्याच्या हिशेबाने. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह मार्ग पूर्ण होऊन ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाल्यावर मद्रासमार्गे पूर्वेची वाट पुन्हा मोकळी झाली, पण सवय मात्र मुंबईचीच राहिली.

आजचा प्रवासी मात्र कापसाची गाठ नाही; त्याला सुटी मिळते तेव्हा जावे लागते, आणि समुद्राची सुटी वेगळी असते. मोसमी पाऊस मुंबईला सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि त्यापुढे सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र इतका खवळलेला असतो की पूर्वी कोकणच्या आगबोटी पावसाळाभर बंद ठेवल्या जात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह काशाच्या खडकाजवळ बुडाली, तीही याच दिवसांत. आधुनिक क्रूझ जहाजाला बुडाशी दोन्ही अंगांनी बाहेर येणारी पाती, म्हणजे स्टॅबिलायझर, असल्याने ते डुलते कमी, तरी बोट लागणाऱ्या माणसाला पावसाळ्यात हे समाधान पुरत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून सेवा सुरू करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीने आपले ‘एम्प्रेस’ हे १९९० मध्ये बांधलेले जहाज २०२२ च्या पावसाळ्यासाठी चेन्नईला नेले. तेथून विशाखापट्टणमची फेरी निघाली, आणि जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेतील हंबनटोटा व त्रिंकोमालीकडे जाणारी आंतरराष्ट्रीय फेरीही सुरू झाली.

विदर्भातील कुटुंबासाठी हे वेळापत्रक अनपेक्षितपणे सोयीचे आहे. उन्हाच्या कडाक्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडा ते पंधरवडा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. मुंबई-पुण्याची मुले वर्गात बसलेली असताना चंद्रपूरच्या मुलांच्या हाती जूनचे काही दिवस उरतात, आणि नेमके त्याच दिवसांत पश्चिम किनारा मिटलेला व पूर्व किनारा उघडा असतो. पर्यटन कंपन्यांच्या मुंबईत छापलेल्या पत्रकांना या जादा दिवसांची दखल नसते, हे ओघानेच आले.

दिवाळीच्या सुटीत मात्र हाच हिशेब उलटतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा मुख्य काळ. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमवरच आदळले होते आणि १८३९ चे कोरिंग्याचे वादळही नोव्हेंबरातलेच. ईशान्य मोसमी पावसाचा जोर याच महिन्यांत चेन्नईवर असतो. अरबी समुद्र तोपर्यंत बहुधा निवळलेला असल्याने दिवाळीत मुंबई किंवा गोव्यातील मुरगाव हेच बरे. तात्पर्य इतकेच की चंद्रपूरकरांना एक कायमचे बंदर ठरवता येत नाही, सुटीगणिक ते बदलावे लागते.

मुंबईच्या बाजूने बोलणाऱ्याकडे भक्कम मुद्दे आहेत, हे मान्य केले पाहिजे. फेऱ्यांची संख्या आणि निवड तेथे सर्वाधिक आहे. बॅलार्ड पिअरवरील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. नागपूरहून विमाने आहेत आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आहे. बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून जवळ आहे, जरी १९४४ मध्ये बंद झालेल्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकासारखी सोय, म्हणजे गाडी थेट जहाजाशेजारी आणून उभी करण्याची, आता नाही. उलट विशाखापट्टणमचे क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२३ मध्ये उभे राहिले असले तरी तेथे सुटणाऱ्या फेऱ्या मोजक्या आणि हंगामी आहेत. अंतराने सर्वांत जवळचे बंदर निवडीने सर्वांत अपुरे, ही अडचण खरी आहे. शिवाय पत्रकात छापलेला प्रत्येक थांबा मिळेलच असेही नाही. जून २०२२ मध्ये परवानगीअभावी ‘एम्प्रेस’ जहाज पुदुच्चेरीला लागू शकले नव्हते. म्हणून थांब्याच्या बंदरापेक्षा मूळ बंदर, म्हणजे जेथे जहाज प्रवासी भरते व रिकामे करते ते, अधिक चोखंदळपणे निवडावे.

बल्लारशाहच्या भूगोलाचा खरा फायदा एकतर्फी फेरीत आहे. हंगाम बदलताना जहाज एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेले जाते तेव्हा कंपन्या ती जागापालटाची फेरीही विकतात, उदाहरणार्थ मुंबईहून निघून कोचीमार्गे चेन्नईला संपणारी. मुंबईकराला अशा फेरीनंतर परतीचे विमान धरावे लागते आणि त्यात बचत संपते. चंद्रपूरच्या कुटुंबाला मात्र जाताना पश्चिमेची गाडी आणि येताना पूर्वेची, दोन्ही जवळपास सारख्याच अंतराच्या मिळतात.

परदेशातील मुलाबाळांकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी बंदराचा प्रश्न अंतराचा नसून व्हिसाचा होतो. अलास्काची सफर सिॲटलहून घ्यावी की व्हँकुव्हरहून, हे अनेकजण भाड्यावरून ठरवतात. पण अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परकी ध्वजाच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहून नेता येत नाहीत आणि सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या फेरीलाही वाटेत एक परदेशी बंदर घ्यावे लागते, म्हणून अशी जहाजे बहुधा कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पारपत्रधारकाला त्यामुळे दोन्हीकडून कॅनडाचा व्हिसा पाहावा लागतो, आणि अमेरिकेत परत शिरण्यासाठी तेथील व्हिसा बहुप्रवेशी असावा लागतो. भारतातील देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र पुरते, श्रीलंकेच्या फेरीला पारपत्र लागते.

उरतो तो आरक्षणाचा क्रम. जहाजाची खोली कित्येक महिने आधी घेता येते, तर रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे खोलीचे पैसे भरून झाल्यावरही गाडीची खात्री नसते. बंदरात हजेरी सुटण्याच्या कित्येक तास आधी बंद होते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही, तेव्हा बल्लारशाहहून आदल्या दिवशीच बंदरगावी पोहोचेल अशी गाडी धरावी, तिचे आरक्षण खुले होईल त्या सकाळी काढावे, आणि बंदरगावातील एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च सफरीच्या भाड्यातच मिळवून मग मुंबई, चेन्नई व विशाखापट्टणम यांची तुलना करावी.