लिलावातली जुनी मशीन आणि बोलीची मर्यादा : शेकडेवारीचा खरा धडा



शेकडेवारी शिकवताना आपण नेहमी नफा-तोटा, सूट, व्याज हीच उदाहरणं घेतो. आज एक वेगळं उदाहरण घेऊया. ते आमच्या घरातलंच आहे आणि त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत टर्नर होता. स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचं म्हणून त्याने एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑनलाइन लिलावात जुनी लेथ मशीन घेतली. "एक लाख वीस हजारांच्या वर जायचं नाही," असं त्याने मनात ठरवलं होतं. बोली दोन-दोन हजारांनी वाढत गेली आणि १,५६,००० वर थांबली. "ताई, मशीन आपलं झालं!" असा त्याचा फोन आला. खर्चाचा हिशोब मात्र नंतर झाला, आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

लिलाव कसा चालतो?

कर्ज थकलं की बँका सरफेसी कायदा २००२ नुसार तारण मालमत्ता विकू शकतात. सरकारी खात्यांचा भंगार माल आणि जुनी यंत्रं एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकली जातात. पद्धत साधारण अशी असते :

- राखीव किंमत : याच्या खाली माल विकला जात नाही.
- अनामत रक्कम : बोली लावण्याआधी भरावी लागते. बोली जिंकून उरलेले पैसे मुदतीत भरले नाहीत तर ही रक्कम जप्त होते.
- "जसे आहे, जिथे आहे" : गॅरंटी नाही, परत घेणं नाही. उचलून न्यायचा खर्च आपला.
- मुदतवाढ : शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की बऱ्याच लिलावांत वेळ आपोआप वाढते. म्हणजे चुरस संपतच नाही.

आधी मशीन बघा

पाहणीचा दिवस जाहिरातीत दिलेला असतो. त्या दिवशी जाणकार मिस्त्रीला बरोबर न्यावं. लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. तिथे हात फिरवून आणि डायल गेज लावून बघतात. चक हाताने फिरवून हेडस्टॉकच्या बेअरिंगचा आवाज ऐकायचा. लीड स्क्रूमध्ये ढिलाई किती, गिअरचे दात शाबूत आहेत का, मोटर जागेवर आहे का, हेही पाहायचं. मशीन चालू करून दाखवत नसतील तर दुरुस्तीचा आकडा मोठा धरायचा. आमच्या भावाने फक्त फोटो पाहिले होते.

आता गणित

मर्यादा ठरवताना राखीव किमतीपासून वर जायचं नाही. बाजारभावापासून खाली यायचं. तशीच, चालू स्थितीतली जुनी लेथ व्यापाऱ्याकडे सगळं धरून, वर्कशॉपमध्ये पोहोच २,००,००० रुपयांना मिळत होती. (सोयीसाठी आकडे पूर्ण घेतले आहेत.) आता खर्च वजा करू :

- दुरुस्ती : ३०,०००
- हायड्रा क्रेन आणि टेम्पो : १४,०००
- फाउंडेशन आणि थ्री-फेज वायरिंग : ८,०००
- न दिसलेल्या दोषांसाठी राखून ठेवलेले : ८,०००
- एकूण : ६०,०००

२,००,००० − ६०,००० = १,४०,०००. मग बोली १,४०,००० पर्यंत लावायची का? नाही. बोलीवर १८ टक्के जीएसटी लागणार होता.

इथेच मुलं चुकतात, आणि मोठी माणसंही. १,४०,००० चे १८ टक्के काढून ते वजा करतात. पण कर लागतो तो बोलीवर. म्हणून बोली १०० धरली तर द्यायचे ११८ होतात. १,४०,००० ला १.१८ ने भागलं की साधारण १,१८,६४४ येतात. म्हणजे मर्यादा १,१८,०००. ताळा : १,१८,००० वर कर २१,२४०, एकूण १,३९,२४०. बरोबर बसलं.

जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. ते आधी सीएला विचारावं. लिलाव करणाऱ्यांचं वेगळं शुल्क असेल तर तेही धरावं.

भावाचं काय झालं? १,५६,००० वर कर २८,०८०, म्हणजे १,८४,०८०. वर ६०,००० खर्च. एकूण २,४४,०८०. दोन लाखांची मशीन चव्वेचाळीस हजार जादा देऊन घेतली!

असं का होतं?

प्रत्येकाचा अंदाज थोडा इकडे-तिकडे असतो. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, तोच बहुतेक वेळा जिंकतो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. लिलावाच्या सिद्धांतावरील कामासाठी पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. विल्सन यांच्या अभ्यासात हाच प्रश्न होता. त्यात "अजून दोनच हजार" ही ईर्षा. भाऊ १,२०,००० वरून १,५६,००० वर एकदम गेला नाही. एकेक करत अठरा पायऱ्या चढल्या गेल्या.

वर्गात करून पाहा

मी पाचवीच्या वर्गात चिंचोक्यांची बरणी ठेवली. एक चिंचोका म्हणजे एक गुण. प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप बोली लिहायची. सर्वांत मोठी बोली ४०० ची निघाली. मोजले तर चिंचोके २१४! जिंकणारा मुलगा म्हणाला, "बाई, मी जिंकलो का हरलो?" त्या एका प्रश्नासाठी तास सार्थकी लागला.

पालकांसाठी शेवटचं

मर्यादा मनात ठेवू नका, कागदावर लिहा आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. बोली त्या आकड्यावर पोहोचली की त्याने मोबाईल काढून घ्यायचा. मागच्या वर्षी भावाला ड्रिलिंग मशीन घ्यायची होती. कागद माझ्याकडे होता. बोली मर्यादेपुढे गेली, आम्ही थांबलो. मशीन मिळाली नाही आणि अनामत परत आली. त्या दिवशी घरात कोणी नाराज नव्हतं.

सरावासाठी : बाजारभाव ९०,०००, एकूण खर्च ३१,०००, कर १८ टक्के. बोलीची मर्यादा किती? (उत्तर : ५०,०००)