हृदयात दडलेला ताप

ताप हा आपल्या घरचा नित्याचा पाहुणा. दोन दिवस मुक्काम करतो, गोळी-काढा झाला की निघून जातो! पण एक ताप असा आहे, की गेला म्हणावा तोच परत येतो. कारण त्याचे ठाणे असते थेट हृदयाच्या झडपेवर.

लहानपणी घसा दुखून मागाहून सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ज्वर येऊन गेला असेल, तर या झडपा खडबडीत होऊन बसतात. किडक्या दातांतून, सुजलेल्या हिरड्यांतून जंतू रक्तात शिरतात. निरोगी झडपेवर त्यांना सहसा थारा मिळत नाही. खडबडीत झडपेवर मात्र ते चिकटतात आणि गोठलेल्या रक्ताचे पांघरूण घेऊन वाढतात. त्यातला एखादा तुकडा सुटून मेंदूत अडकला, की पक्षाघात!

थोर युरोपीय संगीतकार गुस्ताव्ह माहलर १९११ साली याच रोगाने गेला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तातले जंतू वाढवून निदान केले होते. परंतु औषध कुठे होते? पेनिसिलीन हाती आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पुढे १९५५ साली आपल्या पिंपरीतच ते तयार होऊ लागले.

मग आजही माणसे का दगावतात? पुष्कळदा उशिरामुळे. परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या गावातली एखादी गृहिणी घ्या. रोज संध्याकाळी कणकण, भूक मंदावलेली, वजन घटते आहे. चार दिवस जंतुनाशक गोळ्या घेतल्या, ताप उतरला; थांबवल्या, पुन्हा चढला. रक्तातले जंतू तेवढ्यापुरते दबतात, झडपेवरचे जिवंतच राहतात आणि तपासणीत मात्र रक्त स्वच्छ! चोर माजघरात आणि शोध अंगणात, अशी गत होते.

म्हणून, झडपेचा दोष असलेल्या माणसाचा ताप रेंगाळला, तर जंतुनाशक औषध सुरू करण्याआधी रक्ताचे नमुने घ्यायला हवेत. सोय नसेल तर मोठे रुग्णालय गाठावे. नमुने घेतल्यावर मात्र औषधाला विलंब नको. शिरेतून ते बहुधा चार ते सहा आठवडे चालते. काहींना शस्त्रक्रियाही लागते. ताप उतरला म्हणून मध्येच घरी पळू नये!

आणि दात स्वच्छ ठेवावेत. कृत्रिम झडप बसवलेल्यांनी, किंवा हा रोग एकदा होऊन गेलेल्यांनी, दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे अवश्य सांगावे. सांगायला अर्धे मिनिट लागते. जीव त्यावर अवलंबून असतो.