चिल्लर मोजून द्या, खाते झाकून ठेवा

शहापूर-मुरबाडची भाजी कल्याण, डोंबिवली, ठाण्याला विकली की ओच्यात चिल्लर साठते. ती बँकेत भरायला संकोच कसला? पन्नास पैशांपासून वीस रुपयांपर्यंतची नाणी चालू आहेत. दहाचे नाणे कोणत्याही छापाचे असो, ते खरेच. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली.

खात्यात किती नाणी भरावीत, याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. घरीच निवडून शंभर-शंभरच्या पिशव्या बांधा; मोजणी लवकर उरकते. शाखेने नाकारलीच, तर बँकेकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मोजणी चालू असते, रांगेत ओळखी निघतात. अशा वेळी भगिनींनो, पासबुक परक्याच्या हाती देऊ नका. स्लिप भरता येत नसेल तर बँकेतल्या माणसाला सांगा. शिल्लक चारचौघांत विचारू नका. शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खात्याची माहिती गुप्त ठेवणे हे बँकेचे कर्तव्य. पण फोनवर पिन, ओटीपी आपणच सांगितला तर बँक काय करणार? पै-पै जोडलेला पैसा एका शब्दाने जातो, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.