ताबा आणि जबाबदारी : पाणीयोजनांच्या हस्तांतरणाचा विचार

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात महाळुंग-श्रीपूर ह्या नावाची नगरपंचायत २०२१ साली अस्तित्वात आली. ह्या जोडनावाच्या दोन अंगांचा इतिहास निरनिराळा आहे. महाळुंग हे जुने गाव असून यमाई देवीचे स्थान म्हणून परिसरात परिचित आहे. श्रीपूर हे नाव त्यामानाने अर्वाचीन. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ह्या कंपनीच्या साखर कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. वालचंदनगर, किर्लोस्करवाडी, साखरवाडी ह्या नावांच्या पंक्तीतच श्रीपूर हे नाव बसते. शेतीच्या आधाराने हळूहळू वाढलेली वस्ती आणि उद्योगाच्या आधाराने झपाट्याने उभी राहिलेली वस्ती, अशा दोन वस्त्यांना एका लहानशा संयोगचिन्हाने एकत्र बांधले आहे.

नावे जोडण्यास एक अधिसूचना पुरते; पाणी जोडण्यास तेवढे पुरत नाही. जुन्या गावाचे पाणी विहीर, आड, नदी आणि पुढे ग्रामपंचायतीची नळयोजना ह्या क्रमाने आलेले असते. कारखानावसाहतीतील पाण्याची व्यवस्था सामान्यतः कारखानाच करतो. अशा वस्त्यांचा कारभार एका नागरी संस्थेकडे आला, किंवा वाढत्या शहराने शेजारची पाणीयोजना आपल्याकडे घेण्याचे मनात आणले, म्हणजे नेमके काय हस्तांतरित होते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होणे, नगरपंचायतींच्या नगरपरिषदा होणे आणि महानगरपालिकांच्या हद्दी वाढणे हा क्रम अखंड चालू असल्यामुळे ह्या प्रश्नाचे महत्त्व एका गावापुरते मर्यादित नाही.

शब्दांची साक्ष

ह्या विषयाच्या कागदपत्रांत जे शब्द वारंवार येतात, त्यांची परीक्षा प्रथम केली असता विषयाचे स्वरूप पुष्कळसे उलगडते. योजना ‘ताब्यात घेणे’ हा सर्वांत रूढ प्रयोग. ‘ताबा’ हा शब्द अरबी ‘ताबि’, म्हणजे मागून चालणारा, अधीन असणारा, ह्यापासून फारसीच्या वाटेने मराठीत आला. ज्याचा ताबा घेतला, त्याने यापुढे आज्ञेत राहावयाचे, एवढाच त्याचा आशय. ‘हद्द’ हाही अरबी शब्द. हद्दवाढ म्हणजे आज्ञा जेथवर चालते ती सीमा पुढे सरकविणे.

ह्याउलट ‘पुरवठा’ हा शब्द ‘पुरविणे’ ह्या क्रियापदावरून सिद्ध झाला असून त्याच्या मुळाशी ‘पुरणे’ हे क्रियापद आहे. पाणीपुरवठा म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाणी पुरेसे करणे. आणि ‘जबाबदारी’ म्हणजे जबाब देण्यास बांधलेले असणे. नगरपरिषदेच्या सभेत ‘ताबा’ ह्या शब्दाची चर्चा होते. नळाला पाणी न आलेल्या घरात ‘जबाब’ मागितला जातो. हस्तांतरणाच्या बहुतेक तक्रारी, ताबा एकाकडे गेला आणि जबाबदारी कोणाकडेच गेली नाही, ह्या एका वाक्यात सांगता येतील.

हस्तांतरणाची चार अंगे

पहिले अंग म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम : उद्भव विहीर, पंप, जलशुद्धीकरण केंद्र, जलकुंभ व वितरणनलिका. डोळ्यांना दिसणारे अंग हेच असल्यामुळे सभेतील चर्चा बहुधा त्याच्यापाशीच थांबते. परंतु नलिका ठरावीक प्रवाहासाठी घातलेली असते. त्याच नळीतून दुप्पट पाणी नेऊ गेल्यास घर्षणामुळे होणारी दाबाची घट दुप्पट न होता जवळजवळ चौपट होते. म्हणून शहराच्या टाकीला शेजारची वाडी नुसती जोडून दिली, तर टाकीजवळच्या घरांना फरक जाणवत नाही. टोकाच्या घरांचे पाणी मात्र बंद होते. नकाशावर जोडणी पूर्ण दिसते आणि हंडा रिकामा राहतो.

दुसरे अंग पाण्यावरील हक्काचे. योजनेतील यंत्रे संस्थेच्या मालकीची असली, तरी धरणातील, कालव्यातील वा नदीतील पाणी तिच्या मालकीचे नसते. ते शासनाच्या जलसंपदा विभागाकडून आरक्षण व करार यांच्या द्वारे मिळते, आणि ह्या वाटपाच्या नियमनासाठी २००५ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले आहे. हद्द वाढली म्हणून आरक्षण आपोआप वाढत नाही. माणसे वाढतात, कोटा तोच राहतो, आणि नव्या नागरिकांस जुन्या नागरिकांच्या वाट्यातूनच पाणी द्यावे लागते.

तिसरे अंग मापाचे आहे. ग्रामीण भागात जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे माप धरले. नागरी योजनांच्या आखणीत भुयारी गटारे नसलेल्या गावांस ७०, तर भुयारी गटारे असलेल्या वा होऊ घातलेल्या शहरांस १३५ लिटर हे माप केंद्र शासनाच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत सांगितले आहे. उदाहरणार्थ, २० हजार वस्तीच्या गावास ग्रामीण मापाने रोज ११ लक्ष लिटर, दुसऱ्या मापाने १४ लक्ष आणि तिसऱ्या मापाने २७ लक्ष लिटर पाणी लागेल. गाव तेच, माणसे तीच. केवळ पाटी बदलल्याने गरजेचा आकडा आणि तो भागविणारे अनुदानाचे खाते ही दोन्ही बदलतात. ग्रामीण योजना अर्धी झालेली असताना गाव नागरी झाले, तर तिच्या उरलेल्या कामाचा वाली कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

चौथे अंग पैशाचे. कायद्याप्रमाणे जुन्या संस्थेची मालमत्ता व हक्क यांबरोबर तिची देणीही नव्या संस्थेकडे येतात. उपसा करून पाणी चढविणाऱ्या योजनेत विजेचा खर्च मोठा असतो आणि वीजबिलाची थकबाकी हा अशा योजनांचा जुना रोग आहे. ‘पाणीपट्टी’ ह्या शब्दातील ‘पट्टी’चा अर्थ घरटी बसविलेली वर्गणी असा आहे, वापरलेल्या पाण्याचे मोल हा अर्थ त्यात नाही. ठोक पट्टीची सवय असलेल्या गावास मीटरचा दर लावताना हा अर्थभेद लोकांना समजावून द्यावा लागतो. तसे न केल्यास नवी आकारणी त्यांना दंडासारखी वाटते.

विचारण्याची जागा

ह्या चार अंगांखेरीज एक पाचवी गोष्ट आहे. ती कोणत्याही हस्तांतरण-यादीत लिहिली जात नाही. ग्रामपंचायतीच्या कारभारात ग्रामसभा असते. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले. गावातील कोणीही मतदार, विशेषतः पाणी भरण्याचा भार जिच्या डोक्यावर असतो ती स्त्री, तेथे उभी राहून सरपंचास पाण्याविषयी विचारू शकते. नागरी संस्थेत अशी ग्रामसभा नाही. नगरपंचायतीत १७ निर्वाचित नगरसेवक असतात, मुख्याधिकारी असतो, सभेचा कार्यवृत्तांत असतो. परंतु सर्वसाधारण नागरिकास सभेत उभे राहून उत्तर मागण्याचा तो जुना अधिकार उरत नाही. नागरी संस्था अधिक सक्षम असू शकते, तिच्याकडे अभियंता असू शकतो, अनुदान अधिक मिळू शकते. हे सर्व मान्य केले, तरी जबाब मागण्याची जागा लोकांपासून दूर गेली, हा तोटा हिशेबात धरावयासच हवा.

ठराव आणि पाणी यांच्यामधील अंतर महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव संमत केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते, ठरावही तिचाच होता. तरी प्रत्यक्ष ओंजळीत पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. तेथील प्रश्न अस्पृश्यतेचा होता व त्याची तुलना नळाच्या दाबाशी करणे योग्य नव्हे. परंतु ताबा असणे म्हणजे पाणी पोचविणे नव्हे, हा धडा त्या प्रसंगाने कायमचा शिकविला आहे.

तीन नगरांचा अनुभव

सोलापूर शहराचेच उदाहरण घ्यावे. १८७१ साली पूर्ण झालेला एकरूख तलाव, पुढे भीमेवरील टाकळीचा उपसा, आणि त्यानंतर उजनी धरणापासून आणलेली शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची जलवाहिनी, असा त्याच्या पाण्याचा प्रवास आहे. १९९२ साली आसपासची गावे समाविष्ट होऊन महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. क्षेत्र एका आदेशाने पाचपटीहून अधिक वाढले. नलिका, टाक्या आणि कोटा त्या गतीने वाढणे शक्यच नव्हते. पुढे वर्षानुवर्षे शहरास काही दिवसांआड पाणी घेण्याची सवय करावी लागली. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तिच्यातील जवळजवळ ६४ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. म्हणजे जिल्ह्यातच राज्यातील एक मोठे धरण असतानाही हे घडले. तात्पर्य, पाण्याची जवळीक आणि पाण्याची उपलब्धता ह्या भिन्न गोष्टी आहेत.

अमरावतीची रीत निराळी. तेथे महानगरपालिका असूनही शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे राहिला आहे. १९७६ च्या अधिनियमाने निर्माण झालेल्या पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळासच १९९७ पासून हे नाव मिळाले. ह्या व्यवस्थेत तंत्रज्ञान व संचालन एका विशेष संस्थेकडे राहते, हा लाभ. मत ज्या नगरसेवकास दिले त्याच्याकडे पाण्याचा अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्यास मत देता येत नाही, ही अडचण.

तिसरे उदाहरण पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गावांचे. ती २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली आणि २०२४ साली तिच्यातून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कर शहराचे आणि सोयी गावाच्या, ही तेथील रहिवाशांची मुख्य तक्रार होती. ताबा घेता येतो तसा सोडावाही लागतो, आणि दोन्ही वेळी नळ्या जमिनीत त्याच जागी असतात, हे ह्या उदाहरणावरून ध्यानात येते.

शेजपाळीचा न्याय

मग नागरी संस्थेने शेजारची योजना घेऊ नये काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लहान योजनेस अभियंता ठेवणे, पाण्याची नियमित तपासणी करणे, नादुरुस्त पंपाच्या जागी तत्काळ दुसरा आणणे परवडत नाही. मोठी संस्था हे करू शकते. प्रश्न घ्यावे की न घ्यावे एवढाच नसून कोणत्या अटींवर घ्यावे हा आहे, आणि त्याचे एक उत्तर माळशिरस तालुक्याच्याच अनुभवात सापडते.

नीरा उजव्या कालव्याच्या ह्या मुलखात ‘आवर्तन’ आणि ‘शेजपाळी’ हे शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. कालव्याला पाणी आले, की ते कोणत्या क्रमाने कोणास द्यावयाचे ह्याची मांडणी म्हणजे शेजपाळी. आणि तिचा मान्य संकेत असा, की भिजवणी शेपटाकडून सुरू करून मुखाकडे यावे. मुखाजवळच्या शेतकऱ्यास पाणी कसेही मिळते. शेवटच्यास प्रथम दिल्याखेरीज ते मिळण्याची खात्री नसते. हा संकेत अनेकदा मोडला जातो हे खरे. परंतु मोडला गेला हे सर्वांस कळते, कारण नियम सर्वांस ठाऊक असतो.

नळयोजनेच्या हस्तांतरणास हाच न्याय लावता येईल. ठरावापूर्वी टोकाच्या नळाचा दाब मोजावा व तो आकडा ठरावात लिहावा. वाढीव आरक्षणाची मंजुरी हाती आल्यावरच नवी जोडणी द्यावी. थकबाकी किती व ती कोण फेडणार हे लेखी असावे. पाणीपट्टी वाढविण्याआधी पुरवठा वाढवावा. आणि ग्रामसभा संपली तरी वर्षातून काही वेळा प्रत्येक वस्तीत पाण्यापुरती खुली सभा नगरपंचायतीने घ्यावी. अशी सभा घेण्यास तिला कोणी अडविलेले नाही.

महाळुंग आणि श्रीपूर यांच्यामधील संयोगचिन्ह कागदावर पक्के झाले आहे. ते पाण्यातही उतरले की नाही, हे ठरविण्याचे साधन सोपे आहे. नगरपंचायतीच्या कार्यालयापासून सर्वांत दूर असलेल्या घरी सकाळी नळ सोडून पाहावा. तेथे पाणी येत असेल, तर ताबा घेणाऱ्याने जबाबदारीही घेतली असे म्हणता येईल. येत नसेल, तर तेथील बाईने जबाब कोणाकडे मागावा, हे तिला ठाऊक असले पाहिजे.