दस्तारवाली तुकडी

निजामाच्या राज्यात हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका. शेतसारा हाली रुपयात भरायचा आणि गप्प बसायचं. पुढं त्या पैशाला कुठं पाय फुटतात हे विचारायची सोय नव्हती. त्यातला काही थेट इंग्लंडच्या आभाळात पोचला.

निजामाच्या देणगीमुळं ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीचं नाव पडलं हैदराबाद स्क्वाड्रन. बोधचिन्हात निजामाचा दस्तार. ब्रीद ‘विश्वासू मित्र’, म्हणजे इंग्रजांनी निजामाला दिलेला किताबच. देणगी सरकारी तिजोरीतून गेली की निजामाच्या खासगीतून, यानं रयतेला काय फरक? दोन्हीकडे पैसा तिच्याच घरून यायचा.

ही तुकडी ऑक्टोबर १९३९ मध्ये उभी राहिली. जुलै १९४० मध्ये ती स्पिटफायर विमानं घेऊन डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावर आली. पोर्टलंडचं नौदलाचं बंदर राखायचं आणि जर्मन बॉम्बफेकी विमानं अडवायची, हे तिचं काम. किती पाडली? ते पाडणाऱ्यांनाही धड सांगता येत नव्हतं. एकाच विमानावर तिघं गोळ्या झाडायचे, विमान धूर सोडत ढगात शिरायचं आणि तळावर परतून तिघंही आपापल्या नावावर एकेक लिहायचे. यात लबाडी कमी, घाई जास्त. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं. जर्मन कागदांत त्या दिवसाचं नुकसान निघालं साठाच्या आसपास.

ते कागद म्हणजे जर्मन हवाई दलाच्या पुरवठा खात्याच्या याद्या. त्यांत विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, माणसांची नावं आणि नुकसानीची टक्केवारी असे. साठ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान म्हणजे विमान बाद. बदली विमान मागायचं तर खरं लिहिणं भागच होतं, म्हणून या याद्यांवर माझा भरवसा जास्त. सभेतला आकडा वेगळा, कोठीच्या वहीतला वेगळा.

संशोधक दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवतात. लंडनजवळ क्यू इथं ब्रिटिश वैमानिकांचे झुंजीचे अहवाल आहेत. त्यांतली वेळ आणि जागा जर्मन यादीशी जुळवायची. विमानाच्या अंगावरची अक्षरंही बोलतात. ‘जी १’ दिसलं की ५५ क्रमांकाचं बॉम्बर दल. शेवटचं अक्षर त्यातली तुकडी सांगतं. शेतात नांगराला लागलेली क्रमांकाची पट्टी कधी कधी सगळं कोडं सोडवते. मात्र ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यानं पडलेल्या विमानाचा सांगाडा परवान्याशिवाय उकरता येत नाही, आणि ते बरंच आहे. आत माणूस असू शकतो.

२५ सप्टेंबर १९४० चा दिवस घ्या. याच ५५ क्रमांकाच्या दलानं ब्रिस्टलजवळ फिल्टनच्या विमान कारखान्यावर हल्ला केला. परतीच्या वाटेवरच्या एका हाइंकेल बॉम्बरला हैदराबाद तुकडीचा केनेथ हॉलंड भिडला. वय वीस, मूळचा सिडनीचा. विमान घायाळ झालं, तो पाहायला जवळ गेला आणि आतल्या बंदूकवाल्यानं त्याला टिपलं. दोन्ही विमानं सॉमरसेटमधल्या वुल्व्हरटनपाशी कोसळली. हाइंकेलमधल्या पाचांपैकी एकच हवाई छत्रीनं वाचला. यादीतल्या एका ओळीमागं एवढं सगळं असतं.

असे मेलेले पुष्कळ जर्मन आता स्टॅफर्डशायरमधल्या कॅनक चेस इथं आहेत. गावोगावच्या चर्चच्या आवारातून त्यांना १९५९ च्या करारानंतर तिथं हलवलं. दोन्ही महायुद्धांतले मिळून जवळपास पाच हजार.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या महायुद्धात निजामाच्या देणगीतून ११० क्रमांकाच्या तुकडीला विमानं मिळाली होती. तिची डीएच ९ए विमानं जर्मनीवर बॉम्ब टाकायची. त्यातलं एफ १०१० हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी शत्रूच्या हद्दीत उतरलं, दोघं कैद झाले. जर्मनांनी विमान बर्लिनच्या संग्रहालयात मांडलं. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडला गेलं, आणि १९७७ मध्ये ब्रिटिशांनी एक स्पिटफायर देऊन ते परत मिळवलं. आज ते लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. लाकडी सांगाड्याच्या त्या विमानाच्या कुशीवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे: हिज हायनेस निजाम ऑफ हैदराबाद.